पाणी वजा करून टोमॅटो मोजा

प्रति,
मा. कुलगुरू,
राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे

महोदय,


दरवर्षी आपल्या चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीची बैठक भरते. गावाकडे तिला सरळ ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात. तिथे नवे वाण मांडले जातात, हरकती निघतात, त्यातून तावून सुलाखून निघालेले वाण प्रसारित होतात. टोमॅटोच्या वाणाची पाळी आली की पहिला आकडा येतो हेक्टरी टनांचा, आणि त्यापाठोपाठ तुलनेच्या वाणापेक्षा हा किती टक्के सरस याचा. माझं मागणं एवढंच आहे की त्या टनांच्या शेजारी आणखी एक आकडा सक्तीचा करा: हेक्टरी विद्राव्य घटक किती. म्हणजे फळातलं पाणी वजा जाता शेतातून खरं काय बाहेर आलं. एका रकान्यासाठी एवढं लांबलचक पत्र कशाला, असं वाटेल. पण या रकान्याच्या मागे बरंच काही अडलेलं आहे.

दूध संकलन केंद्रावर कॅन उतरला की नुसत्या लिटरवर पैसे मिळत नाहीत. फॅट लागते, एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) लागतो, मग दर निघतो. उसाचा दर कारखान्याच्या साखर उताऱ्याला बांधलेला असतो. नाशिकचा द्राक्ष बागायतदार रसातली गोडी, म्हणजे ब्रिक्स, बघितल्याशिवाय घडाला कात्री लावत नाही. पाण्याला पैसे द्यायचे नाहीत हा धडा महाराष्ट्राने तीन पिढ्यांपूर्वीच गिरवला आहे. टोमॅटोपाशी आलो की मात्र आपण सगळेच तो विसरतो. पिकलेल्या टोमॅटोत 94-95 टक्के पाणीच असतं. उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत साखर, आम्ल, रंग, जीवनसत्त्वं, गर, सगळं आलं.

माझी नोकरी फळप्रक्रियेच्या कारखान्यात, कच्चा माल तपासायच्या टेबलावर गेली. ट्रक फाटकाशी लागला की वरच्या थरातला, मधला आणि तळचा असे क्रेट उतरवून घ्यायचे. वरचा थर नेहमीच देखणा असतो, हे काय सांगायला हवं! फळं कापायची, मलमलीतून रस पिळायचा, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब सोडायचा, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा. निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथे थांबेल तो ब्रिक्स: शंभर ग्रॅम रसात विरघळलेलं किती ग्रॅम. पावसाळी माल साडेतीन-पावणेचारला थांबायचा. चार दिसला की बरं वाटायचं, साडेचार दिसला तर शेजारच्या टेबलावरची माणसं डोकावून जायची. ड्रायव्हर मात्र एकच विचारायचा, “गाडी खाली करू का?” दर वजनावर आहे, हे त्याला ठाऊक होतं, शेतकऱ्याला ठाऊक होतं आणि आमच्या खरेदी विभागालाही. माझा आकडा वहीत चढायचा आणि वहीतच राहायचा.

त्या आकड्याची किंमत बघा. 28 ब्रिक्सची एक टन पेस्ट म्हणजे 280 किलो विद्राव्य घटक. ते 4 ब्रिक्सच्या टोमॅटोतून काढायचे तर 7 टन रस लागतो आणि त्यातलं 6 टन पाणी वाफ करून उडवावं लागतं. टोमॅटो 5 ब्रिक्सचा असेल तर 5.6 टन रसात भागतं आणि उडवायचं पाणी राहतं 4.6 टन. पेस्टच्या टनामागे जवळजवळ दीड टन पाणी कमी उकळायचं, तेवढं सरपण वाचलं, तेवढ्या गाड्या वाचल्या. आता शेताच्या बाजूने बघू. समजा, एका वाणाचं उत्पादन एकरी 30 टन आणि ब्रिक्स 4. विद्राव्य घटक झाले 1200 किलो. दुसऱ्याचं 26 टन आणि ब्रिक्स 5.2. ते झाले 1352 किलो. आजच्या पद्धतीने पहिला वाण टाळ्या घेतो आणि दुसरा ‘उत्पादनात मागे’ असा शेरा घेऊन फायलीत जातो. प्रक्रियेच्या दृष्टीने जिंकलेला वाण आपण हरवलेला असतो.

यात पैदासकाराचा दोष नाही. ज्याची मोजदाद होते त्याचीच निवड होते. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात उभं राहिलं की कळतं, टोमॅटोची परीक्षा कोण घेतं ते. व्यापारी क्रेटमधलं फळ उचलतो आणि अंगठ्याने दाबतो. दबलं नाही तर माल दिल्लीला जाऊ शकतो. रंग नुकताच फुटलेला हवा, साल जाड हवी, आकार एकसारखा हवा, वीस किलोच्या क्रेटमध्ये तळाचं फळ फुटता कामा नये. गेली तीस-चाळीस वर्षं कंपन्यांनी त्या अंगठ्यासाठी वाण काढले आणि चोख काढले. घरात त्याची खूण रोज दिसते: फोडणीत टोमॅटो शिजून विरघळतो, पण सालीच्या सुरळ्या तशाच वर तरंगतात. सार करायचं तर गाळणं लागतंच.

अशाच निवडीने चवही खाल्ली. जगभरच्या पैदासकारांनी सत्तरेक वर्षं असं फळ निवडलं जे पिकताना देठाकडे हिरवं न राहता सगळीकडून सारखं लाल होतं. दिसायला सुबक आणि काढणीला सोयीचं. 2012 साली ‘सायन्स’मध्ये त्यामागचा जनुक उलगडून दाखवला गेला, तेव्हा निघालं असं की तो हिरवा खांदा फळाच्या अंगच्या हरितलवकांमुळे असतो आणि त्यांच्यामुळे फळात साखर भरते. देखणेपणासाठी आपण तो जनुक मोडका ठेवला आणि गोडी हातची घालवली. कुणाच्या ध्यानीमनी नसताना, कारण गोडीचा रकानाच नव्हता.

विद्यापीठातले लोक इथे म्हणतील, ब्रिक्स वाढवला की उत्पादन घटतं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. खरं आहे. पानांनी बनवलेली साखर तेवढीच. ती फार फळांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. पण ही भिंत कुठे आणि किती उंच आहे हे आपल्या घरच्या टोमॅटोवरून ठरवू नये. टोमॅटो दक्षिण अमेरिकेतून मेक्सिकोत, तिथून युरोपात आणि मग आपल्याकडे आला. वाटेत प्रत्येक ठिकाणी मूठभर बियाणंच पुढे गेलं, बाकीचा गोतावळा अँडीजच्या डोंगरात राहिला. जी शिदोरी मागे राहिली ती परत आणायचं काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या चार्ल्स रिक यांनी आयुष्यभर केलं.

त्यातला एक किस्सा आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगा. डिसेंबर 1962 मध्ये ह्यू इल्टिस आणि डॉन युजंट हे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ पेरूच्या डोंगरात जंगली बटाटे शोधत फिरत होते. वाटेत टोमॅटोचं एक चिकट, तणासारखं झुडूप दिसलं; फळं बोराएवढी, हिरवट-पांढरी, पट्टे असलेली. नमुना क्रमांक 832 म्हणून त्यांनी ते नोंदलं आणि बी रिक यांना धाडून दिलं. खायला निरुपयोगी अशा त्या फळाचा रिक यांनी लागवडीच्या टोमॅटोशी संकर केला, मग पिढ्यान् पिढ्या उलटा संकर करत नेला आणि 1980 च्या सुमारास विद्राव्य घटक ठळकपणे वाढलेल्या ओळी हाती घेतल्या. ते झुडूप नवीच प्रजाती निघालं. टोमॅटो उद्योगाला त्या बियांपासून वर्षाला सुमारे 80 लाख डॉलरचा फायदा आहे, असा अंदाज इल्टिस यांनी पुढे मांडला. बटाट्याच्या मोहिमेतला हा वरकड माल!

दुसरं उदाहरण माझ्या मागणीच्या जास्त जवळचं आहे. इस्रायलमधल्या हिब्रू विद्यापीठाच्या दानी झमीर यांनी पेनेली नावाच्या वाळवंटी जंगली टोमॅटोचे तुकडे एकेक करून प्रक्रियेच्या टोमॅटोत बसवले. त्यातल्या एका तुकड्यात साखर फोडणाऱ्या विकराचा जनुक सापडला, फळात साखर ओढून घेणारा. 2004 साली त्यांनी आणि अमित गुर यांनी असे तीन तुकडे एका संकरात एकत्र आणले आणि बाजारात आघाडीवर असलेल्या वाणाशी तुलना केली. भरपूर पाण्यातही आणि नेहमीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या पाण्यातही हा संकर 50 टक्क्यांहून जास्त सरस ठरला. कशात सरस? ब्रिक्स गुणिले उत्पादन यात. त्यांनी तोच रकाना धरला होता जो मी मागतो आहे. नुसते टन धरले असते तर ती कामगिरी अशी डोळ्यांत भरली नसती.

हे परदेशातच होतं असंही नाही. बोकड्यावर, म्हणजे लीफ कर्लवर, जगभरच्या टोमॅटोत जो टाय-2 जनुक वापरला जातो त्याचं मूळ हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठात आहे. डॉ. कल्लू आणि बॅनर्जी यांनी एका केसाळ जंगली टोमॅटोतली प्रतिकारशक्ती लागवडीच्या टोमॅटोत आणली आणि ‘एच-24’ ही ओळ तयार केली. 1990 साली त्यांनी ते काम प्रसिद्ध केलं, पुढे तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने त्यावर काम केलं आणि तो जनुक देशोदेशी पोहोचला. आज शेतकरी बियाण्याचं महागडं पाकीट फाडतो तेव्हा त्यात एका सरकारी विद्यापीठाची देणगी असण्याचा बराच संभव असतो, आणि पाकिटावर त्याचा उल्लेख नसतो. 2012 मध्ये टोमॅटोचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, त्यात पाचवं गुणसूत्र भारतीय संस्थांनी वाचलं. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘अर्का रक्षक’ दिला, एकाच वेळी लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना तोंड देणारा. प्रक्रियेसाठी म्हणून ‘अर्का विशेष’ आणि ‘अर्का अपेक्षा’ही दिले. राहुरीने ‘भाग्यश्री’ दिली: लाल, गराची, कमी बियांची, प्रक्रियेला चांगली म्हणून शिफारस केलेली. चांगला वाण. पण आमच्या फाटकावर ‘भाग्यश्री’ची गाडी म्हणून गाडी कधी लागली नाही. गाडी यायची ती बाजार पडल्यावर, आणि तिच्यात असायचा दिल्लीसाठी लावलेला संकरित माल.

इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे प्रक्रियेचा टोमॅटो असा वेगळा फारसा पिकवला जात नाही. बहुतेक वेळा भाजीच्या बाजाराने नाकारलेला टोमॅटो प्रक्रियेला जातो. जुलै 2023 मध्ये किरकोळ बाजारात किलोला 200 च्या घरात भाव गेला तेव्हा कारखान्यांना माल मिळणं शक्य नव्हतं, आणि सप्टेंबरात शेतकऱ्याच्या हातात किलोला दोन-चार रुपये पडायला लागले तेव्हा कारखाने कितीही घेऊ म्हणाले तरी त्यांची भूक पुरी पडणारी नव्हती. 2021 च्या ऑगस्टमध्येही नाशिककडे रस्त्यावर टोमॅटो ओतला गेला. 2018-19 च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाटा यांच्यासाठी 500 कोटींची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना आली. शीतगृहं, वाहतूक, प्रक्रिया यांवर बोललं गेलं. बियाण्यावर फारसं कोणी बोललं नाही.

शेतकरी प्रक्रियेसाठी टोमॅटो का लावत नाही? कारखान्याचा दर परवडत नाही म्हणून. आणि का परवडत नाही, तर आपली लागवडीची रीतच महाग आहे. बांबू, तार, सुतळी, दोन-तीनदा बांधणी, पंधरवड्यात किती फवारण्या ते विचारू नका, शिवाय एकाच प्लॉटचे पंधरा-वीस तोडे. हा खर्च भाजीच्या चढ्या दराच्या आशेवर केला जातो. कॅलिफोर्नियात प्रक्रियेचं पीक जमिनीवरच पसरतं. बांबू नाही, तार नाही, फळं जवळजवळ एकदमच पिकतात आणि झाडावर थांबून राहतात. त्यांचं उत्पादन हेक्टरी 100 टनांच्या पुढे जातं, आपली देशाची सरासरी 25 च्या आसपास घोटाळते. ती झाडं आटोपशीर राहतात ती एका जुन्या जनुकामुळे, 1914 मध्ये फ्लोरिडात योगायोगाने सापडलेल्या. तो आपल्याकडेही आहेच. पण जमिनीवर पसरणारं पीक आमच्या पावसात सडतं. म्हणजे ते नोव्हेंबर-डिसेंबरात लावायचं आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढायचं. आणि तो हंगाम बोकड्या पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीचा.

म्हणून आयात केलेला प्रक्रियेचा वाण इथे तग धरत नाही आणि म्हणूनच हे काम आपल्याच विद्यापीठांचं आहे. 32 अंशांच्या पुढे फळात लायकोपीन तयार होणं मंदावतं, पिवळा-केशरी रंग मात्र बनत राहतो; मार्च-एप्रिलचा माल म्हणून पिवळट दिसतो आणि पेस्टचा रंग उतरतो. रात्र उबदार झाली की फुलं गळतात. सूत्रकृमींविरुद्धचा प्रसिद्ध ‘एमआय’ जनुक जमीन 28 अंशांच्या वर तापली की हात टेकतो, आणि आमच्या उन्हाळी जमिनीला 28 म्हणजे सकाळचं तापमान. 2020 च्या उन्हाळ्यात जुन्नर-संगमनेर पट्ट्यात फळांवर पिवळे-लाल पट्टे आले, शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिलं, नमुने बंगळुरूला गेले आणि काकडीवरच्या मोझॅकसह एकाहून जास्त विषाणू निघाले. बोकड्यासाठीही टाय-2 ला टाय-3 या दुसऱ्या जनुकाची जोड द्यावी लागते, कारण बोकड्याचे सगळे विषाणू एकट्या टाय-2 ला आवरत नाहीत. उन्हातही लाल होणारा, बांबूशिवाय उभा राहणारा, बोकड्याला न जुमानणारा आणि पाचच्या वर ब्रिक्स असलेला टोमॅटो हवा असेल, तर तो पुणे-नाशिक-अहिल्यानगरच्या फेब्रुवारी-मार्चच्या उन्हातच निवडावा लागेल. आपल्या चाचण्या या हंगामात, बांबू न लावता किती होतात?

वाण निवडताना देठही बघायला हवा. मुद्दा लहान वाटेल, पण टेबलावर बसलेल्या माणसाला तो मोठा असतो. सर्वसाधारण टोमॅटोच्या देठाला मध्ये एक गाठ असते. फळ तोडलं की देठ तिथे मोडतो आणि अर्धा फळालाच चिकटून येतो. तो क्रेटमध्ये शेजारच्या फळाला भोसकतो, तिथून बुरशी शिरते. गाठ नसलेल्या देठाचा जनुक रिक यांना गालापागोस बेटांवरच्या टोमॅटोत मिळाला. त्या टोमॅटोचं बी काही केल्या उगवेना; शेवटी ते तिथल्या महाकाय कासवांना खाऊ घातलं, त्यांच्या पोटातून बाहेर आलं आणि मग उगवलं. फळ देठाशिवाय निघू लागलं आणि कापणी यंत्राचं काम आणखी सोपं झालं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिसच्या जॅक हॅना यांनी मार सोसणारा टोमॅटो आणि त्यांचे अभियंता सहकारी कोबी लॉरेन्झन यांनी यंत्र काढलं होतं. दहाएक वर्षांत तिथल्या टोमॅटो उत्पादकांची संख्या सुमारे 4000 वरून 600 च्या आसपास आली, हजारो मजुरांचं काम गेलं, आणि 1979 मध्ये मजुरांच्या बाजूने थेट विद्यापीठावरच खटला भरला गेला. मला गाठ नसलेला देठ हवा आहे, यंत्र नको. हाताने खुडणाऱ्या बाईलाही त्या देठाने काम सोपं होतं आणि तळचा क्रेट सडत नाही. वाण कुणासाठी काढायचा हे पैदासकाराने आधी ठरवावं, नंतर पस्तावण्यात अर्थ नाही.

पोषणाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सध्या बोललं फार जातं. इंग्लंडच्या जॉन इनेस सेंटरमध्ये 2008 साली कॅथी मार्टिन यांच्या गटाने जांभळा टोमॅटो केला. जपानात 2021 पासून जनुक संपादनाने गाबा हे अमिनो आम्ल वाढवलेला टोमॅटो मिळतो. आपल्याकडेही 2022 पासून परका जनुक न घालता केलेल्या संपादनाला जीएमच्या नियमांतून सूट आहे. करायचं तर करावं. पण लायकोपीन वाढवणारे जुने जनुक आपल्या हाताशी केव्हापासून आहेत, आणि केशरी टोमॅटोत बीटा कॅरोटीन भरणारा जनुकही 1950 च्या दशकापासून माहीत आहे. अडचण निराळी आहे. गडद रंगाच्या काही ओळींची रोपं मंद वाढतात, खोड ठिसूळ निघतं. त्यांना शेतकऱ्याच्या लायकीचं करायला दहा-बारा वर्षं चिकाटी लागते आणि बातमी होत नाही. शिवाय लायकोपीन तेलात विरघळतं, शिजल्यावर अंगी लागतं. म्हणून ते कच्च्या फळात मोजून थांबू नका, पेस्ट करून मोजा. आणखी एक गोष्ट: केचपमध्ये एकूण विद्राव्य घटक किमान 25 टक्के असावेत असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, आणि त्यात साखरही धरली जाते. टोमॅटो पाणचट असला की ही तूट कशाने भरली जाते, ते बाटलीमागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पोरांच्या पोटात साखर कमी जावी असं वाटत असेल तर ब्रिक्स वाढवणं हेही पोषणाचंच काम आहे.

बियाणं कंपन्या असा वाण का काढत नाहीत, हा प्रश्न उरतोच. त्यांचं गिऱ्हाईक शेतकरी, शेतकऱ्याचं गिऱ्हाईक व्यापारी, आणि व्यापाऱ्याचा अंगठा. ब्रिक्सचे पैसे या साखळीत कुणालाच मिळत नाहीत, मग कंपनीने ते बियाण्यात का घालावं? मी त्यांना दोष देत नाही. संकरित बियाणं स्वस्तात बनतही नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाकडच्या शेडनेटमध्ये बायका उद्या उमलणारी कळी चिमट्याने उघडतात, पिवळ्या परागकोशाचा शंकू अलगद काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी नर झाडाची पराग पूड त्या फुलाच्या टोकाला लावतात. एकेक फूल, एकेक फळ. इतक्या कष्टाचं बी भाजीच्या बाजारातच वसूल होतं. म्हणूनच प्रक्रियेसाठी विद्यापीठांनी काढलेले सरळ वाण, ज्यांचं बी शेतकरी स्वतः धरू शकेल, त्यांना मोल आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला तो हक्क दिलाच आहे. संकरित करायचं झालं तर मातृ-पितृ ओळी शेतकरी कंपन्यांना माफक शुल्कात द्या. बुलढाण्यात बीजोत्पादन करणारे हात आहेत, नाशिक जिल्ह्यात मोहाडीच्या ‘सह्याद्री’सारखी शेतकऱ्यांचीच प्रक्रिया उभी आहे. यांच्यामध्ये बसेल असा वाण मात्र नाही.

वाणाने भाव ठरत नाही, याची मला कल्पना आहे. कारखान्याने ब्रिक्सवर दर दिला नाही तर उत्तम वाणही बाजारात अंगठ्याखाली हरेल. पण तशी दरपद्धत मागायची तर शेतकऱ्याच्या हातात आधी असा वाण हवा ज्याच्यावर त्याला जास्त दर मागता येईल. दुधाच्या फॅटची मोजणी आली आणि म्हशींची निवड बदलली. मोजणीने पैदास बदलते याला याहून जवळचा पुरावा लागत नाही. कोंबडी आधी की अंडं आधी, या वादात आणखी दहा वर्षं घालवण्यापेक्षा जे आपल्या अखत्यारीत आहे तिथून सुरुवात व्हावी, आणि वाणाच्या प्रस्तावाचा नमुना पूर्णपणे आपल्या अखत्यारीत आहे. रिफ्रॅक्टोमीटर प्रत्येक विभागाच्या कपाटात पडलेला आहे. त्यासाठी अनुदान नको, नवं केंद्र नको, परदेश दौरा तर नकोच.

तेव्हा पुढच्या जॉइंट ॲग्रेस्कोत टोमॅटोचा वाण मांडला जाईल, तेव्हा हेक्टरी टन, ब्रिक्स आणि या दोहोंचा गुणाकार असे तीन आकडे एकत्र मागा. उन्हाळी हंगामातले, बांबू न लावलेल्या प्लॉटमधले मागा. ज्या प्रस्तावात ते नसतील तो त्याच दिवशी परत पाठवा.

कळावे,
आपला,
कच्च्या मालाच्या टेबलावरचा एक निवृत्त तपासनीस
जुन्नर, जि. पुणे